उतईत एक 'रा' घाला आणि थँक यू म्हणा!

माहीत आहे का, छत्तीसगडमध्ये भिलाईजवळ एक गाव आहे, ज्याच्या नावात एक 'रा' घातला की चक्क कृतज्ञता तयार होते? गाव उतई, शब्द उतराई! उपकार फेडण्याचा हा आपला जुना शब्द हल्ली 'ग्रॅटिट्यूड जर्नल' या नावाने मोबाइलमध्ये मिरवतोय. मनाला बरं वाटावं म्हणून बनणाऱ्या या ॲप्सची ही चटपटीत भेळ. मीठ-मसाला चवीनुसार!

पहिलं नोटिफिकेशन बैलाला
बैलाचे आभार मानायच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे मळून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. रिमाइंडरच की हो! उतईच्या भागातही मातीचे नंदिया बैल मांडून हाच सण त्याच दिवशी होतो. फक्त आपल्या पंचांगात ती श्रावणातली अमावस्या, त्यांच्या पंचांगात भाद्रपदातली. दिवस एक, महिने दोन!

पाच ओळी, दीड तास
२००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा आठवडे, दर आठवड्याला एका गटाने पाचपर्यंत चांगल्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी. चांगलं लिहिणाऱ्यांनी कटकटवाल्यांपेक्षा आठवड्याला जवळपास दीड तास जास्त व्यायाम केल्याचं सांगितलं. लेखणी हलली, पोटही हललं!

रोज? नको रे बाबा!
मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचा आनंद वाढला, तीनदा लिहिणाऱ्यांचा नाही. रोज पुरणपोळी वाढली तर तिचीही पोळीच होते ना! तरी कित्येक ॲप्स 'स्ट्रीक तुटेल हं!' म्हणत रोज दटावतात. उतईत सीआयएसएफचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे रोज परेड हवीच, पण आभारांची कशाला?

रूळ लांब, दम कमी
भिलाईचा पोलाद कारखाना १३० मीटर लांबीचा अखंड रूळ बनवतो. ॲप वापरणाऱ्यांची गाडी मात्र पंधरा दिवसांतच रुळावरून घसरते. २०१९ च्या एका अभ्यासात मानसिक आरोग्याची ९३ ॲप्स तपासली. पंधराव्या दिवशी टिकलेल्यांचं मध्यक प्रमाण फक्त ३.९ टक्के! म्हणजे शंभरातले जेमतेम चार.

चॅटबॉटची आजी
माहीत आहे का, मनातलं ऐकणारा चॅटबॉट १९६६ चा आहे? एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांची 'एलायझा' आपलंच वाक्य फिरवून आपल्यालाच प्रश्न विचारायची. तरीही त्यांच्या सेक्रेटरीने तिच्याशी बोलताना साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! एलायझाचं देशी नातवंड म्हणजे बंगळुरूचं 'वायसा'. चेहरा कुणाचा? पेंग्विनचा. डोकं थंड ठेवायला आणखी कोण?

काही न करण्याचा धंदा
ॲलेक्स ट्यू या पठ्ठ्याने २००५ मध्ये वेबसाइटवरचे दहा लाख ठिपके डॉलरला एक या भावाने विकायला काढले. २०११ मध्ये दुसरी साइट काढली: दोन मिनिटं काहीच करायचं नाही, माऊस हलला की नापास! पुढे तोच 'काम' (Calm) ॲपचा सहसंस्थापक झाला. काम काय, तर स्वस्थ बसवणं!

श्श्श... कुणाला सांगू नका
२०२२ मध्ये मोझिलाने मानसिक आरोग्य आणि प्रार्थनेची ३२ ॲप्स तपासली. २८ ॲप्सवर गोपनीयतेच्या इशाऱ्याचा शिक्का बसला. कुलूप लावलेली डायरी बरी म्हणायची!

लक्षात ठेवा: १४४१६
हा केंद्र सरकारच्या 'टेली मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाला. मराठीतही बोलता येतं. बरोबर दोन वर्षांनी त्याचं ॲपही आलं. मन फारच जड झालं असेल तर डायरी बाजूला ठेवा, आधी हा नंबर फिरवा.

तर ॲप बनवणाऱ्या दोस्तांनो, घंटी आठवड्याला एकच वाजवा, मनातलं फोनमध्येच राहू द्या आणि १४४१६ चं बटण पहिल्याच पानावर ठेवा.

आणि वाचकहो, येत्या रविवारी वाणसामानाच्या यादीमागे पाच ओळी लिहा. त्यात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर त्याला लगेच फोन लावा. 'रा' तिथेच बसतो!