हिशेब चुकतो तेव्हा

नवतपा लागला की आमच्या नागपुरात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. दारे-खिडक्या बंद, माठाला ओले फडके, जेवणात कांदा आणि ताक, आणि माणसे घराच्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत आडवी. उन्हाशी भांडण नको, त्याला वाट करून द्यावी, हे आमच्या वाडवडिलांचे धोरण. २०२४ च्या मे अखेरीस अशाच एका दुपारी अडीच वाजता दाराची घंटा वाजली. दार उघडले तर पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा उभा. मी सकाळी मोबाईलवरून मागवलेली वस्तू घेऊन आला होता. वस्तू काय, तर चष्म्याला बांधायची दोरी. किंमत १२० रुपये.

"काकाजी, ओटीपी सांगा."

मी चार आकडे सांगितले. त्याने भलतेच दाबले. पुन्हा सांगितले, पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा मी एकेक आकडा सावकाश सांगू लागलो, तेव्हा तो माझ्याकडे पाहत होता खरा, पण त्याचे लक्ष माझ्या पाठीमागच्या भिंतीवर कुठेतरी होते. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले, सदऱ्यावर वाळलेल्या घामाच्या पांढऱ्या रेघा. माझ्या पोटात धस्स झाले. साधे आकडे चुकणारा असा माणूस मी पूर्वी एकदा पाहिला होता, आणि तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो होतो.

मुलाला हाताला धरून आत घेतले. सौभाग्यवतींनी कूलर त्याच्याकडे वळवला आणि गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. पुढचे सांगतोच, पण आधी ती जुनी गोष्ट सांगायला हवी.

१९९४ साली मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. पिग्मी योजना आता पुष्कळांना ठाऊक नसेल. रोज दुकानोदुकानी, टपऱ्या-टपऱ्यांवर जाऊन दोन-पाच-दहा रुपयांची बचत गोळा करायची. सिंडिकेट बँकेने ही कल्पना १९२८ साली काढली आणि पुढे कितीतरी बँकांनी उचलली. आमच्याही बँकेत ती होती. पैसे गोळा करणारा माणूस बँकेचा नोकर नसे, तो एजंट. जेवढे गोळा करील, त्यावर कमिशन. नाही गेला तर कमिशन नाही, आणि कुणी 'का गेला नाहीस' असे विचारणारही नाही. कागदावर पाहिले तर केवढे स्वातंत्र्य!

आमचे एजंट पन्नाशीचे होते. सायकलवर फिरत. त्यांचा हिशेब कधी एका रुपयाने चुकला नव्हता. त्या दिवशी मात्र चार वाजता ते आले आणि पावत्या व रोकड जुळेना. बेरीज त्यांनी तीनदा केली, तीनदा वेगळी आली. माझी दिवसअखेर खोळंबली होती, वरून पत्रके मागत होते. मी म्हणालो, "अहो, असे कसे चालेल? जा, दुकानांत विचारून या." ते "हो साहेब" म्हणाले आणि निघाले. अर्ध्या तासाने तहसील कचेरीसमोर सायकलसकट पडलेले सापडले.

त्यांचा जीव वाचला. पण मूत्रपिंडांना इजा झाली होती. नागपूरच्या सरकारी रुग्णालयात पंधरा दिवस काढले आणि पुन्हा कधी त्यांना सायकल हाकता आली नाही. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारले, "आधी काही लक्षणे?" मी म्हणालो, "नाही. फक्त हिशेब चुकत होता." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "साहेब, तेच तर लक्षण."

औषधपाण्याच्या मदतीसाठी घरच्यांनी बँकेकडे अर्ज केला. तो माझ्या टेबलावरून वर जायचा होता. त्यावर मी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: 'सदर इसम बँकेचा कर्मचारी नसल्याने विनंती विचारार्थ घेता येत नाही.' नियमाला धरूनच होता तो. फेब्रुवारी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असे ठेव गोळा करणारे लोक कायद्याने कामगारच होत. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली, तेव्हा मला तो शेरा, त्याखालची माझी सही आणि निळी शाई, सगळे आठवले.

आज हे काढण्याचे कारण असे की दारात आलेला मुलगाही 'एजंट'च. शब्द बदललाय. आता त्याला 'पार्टनर' म्हणतात. भागीदार! आयुष्यभर भागीदारी पेढ्यांना कर्जे दिली, पण नफ्यातोट्याचे वहीखाते न पाहिलेला भागीदार मला तरी भेटला नव्हता.

ऊन लागते म्हणजे काय, ते डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी मला नीट समजावले. शरीर स्वतःला घामाने थंड करते. पण भोवतालची हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, जास्त तापली की वारा उष्णता काढण्याऐवजी भरू लागतो. शिवाय आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम फुटताक्षणी उडून जातो आणि माणसाला वाटते, आपल्याला कुठे घाम येतोय! वर्तमानपत्रात छापून येणारे ४५ अंश हे वेधशाळेच्या पांढऱ्या जाळीदार पेटीतले, सावलीतले. हेल्मेट घालून डांबरी रस्त्यावर दुचाकी चालवणाऱ्याचे ऊन त्याहून वेगळे. शरीराचे आतले तापमान ४० अंशांपर्यंत चढले आणि माणूस बरळू लागला, की तो उष्माघात. तिथे मिनिटे मोजायची असतात. १०८ ला फोन करायचा, सावलीत निजवायचे, अंगावर पाणी ओतायचे, वारा घालायचा, काखेत नि जांघेत बर्फ ठेवायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असावे.

आणि उन्हाचा तडाखा विचारशक्तीवर फार लवकर बसतो. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे. कंपन्या म्हणतात, मुले स्वतंत्र आहेत, त्रास झाला तर त्यांनी थांबावे, ॲप बंद करावे. पण 'आता थांबावे' हे ज्या डोक्याने ठरवायचे, तेच डोके आधी शिणते. माझ्या एजंटांनी "हो साहेब" म्हटले ते काही विचार करून म्हटलेले नव्हते.

म्हणून कामगाराची जबाबदारी काहीच नाही का? आहे. मी पुष्कळ मुलांशी बोललो. कित्येक जण सकाळी उपाशी निघतात. पाण्याची बाटली असते, पण पीत नाहीत, कारण लघवीला जायचे कुठे? (हा प्रश्न मुलींना किती छळत असेल!) तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, डोक्याला दुपट्टा बांधावा, रात्री दारू पिऊन दुसऱ्या दिवशी उन्हात जाऊ नये, डोके दुखले, मळमळले तर सोबत्याला सांगावे, हे त्यांनी करायचेच आहे. पण बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे, आणि एकट्याने ती उघडत नाही. पाण्याची बाटली मुलाच्या हातात आहे. घड्याळ मात्र दुसऱ्याच्या हातात आहे. किती मिनिटांत पोचायचे, उशीर झाला तर काय कापायचे, दुपारी फेऱ्या वाढवायच्या की थांबवायच्या, हे सारे तिथून ठरते. नव्या मुलाचे तर विशेषच. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि कामाचे पहिले काही दिवसच सर्वांत धोक्याचे. त्याला त्या दिवसांत निम्मेच काम द्यायला काय हरकत आहे? कोण कधी लागला, हे त्यांच्या यंत्राला मिनिटापर्यंत ठाऊक असते.

करायचे म्हटले तर होते. अमेरिकेत युपीएस ही सामान पोचवणारी जुनी कंपनी. तिच्या चालकांच्या संघटनेने २०२३ मध्ये करार करून घेतला की १ जानेवारी २०२४ नंतर घेतल्या जाणाऱ्या सामान पोचवण्याच्या नव्या गाड्या वातानुकूलित असतील. त्या देशाच्या सरकारने २०२४ मध्ये नियमाचा प्रस्ताव मांडला: जाणवणारे तापमान सुमारे ३२ अंशांवर गेले, की दर दोन तासांनी पंधरा मिनिटांची भरपगारी विश्रांती. ३२ अंश! आमच्याकडे मे महिन्यात तेवढे सकाळच्या चहाबरोबरच असते. पण घरचीही उदाहरणे आहेत. अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात पुष्कळ माणसे गमावली आणि २०१३ मध्ये शहरासाठी उष्णता कृती आराखडा केला. चेन्नई महापालिकेने २०२५ मध्ये अशा फिरत्या कामगारांसाठी रस्त्याकडेला वातानुकूलित विश्रांतिकक्ष उघडले. उलट, माझ्या दारी तो मुलगा आला त्याच सुमारास, जून २०२४ च्या आरंभी, झोमॅटोने ग्राहकांना आवाहन केले की अगदी गरज नसेल तर भर दुपारी मागवू नका. आवाहन चांगले. चष्म्याची दोरी मागवणाऱ्याने तर ते मुकाट्याने ऐकावे. पण दुकान उघडे ठेवून गिऱ्हाइकाला 'येऊ नका' म्हणण्यासारखेच नव्हे का हे?

कायद्याचे म्हणाल, तर १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणी थंड करून देण्याचे कलम होते. त्या पिढीला उन्हाळा म्हणजे काय ते कळत होते. नवी सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. तिने या मुलांना प्रथमच नाव दिले, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या निधीत घालावी असे ठरवले. त्यातून अपघात विमा, आरोग्य, वृद्धापकाळ यांच्या योजना व्हायच्या आहेत. माझ्या एजंटांना यातले काही मिळाले असते तर त्यांचे घर कर्जात गेले नसते. पण हे सारे माणूस पडल्यानंतरचे. तो पडू नये म्हणून दुपारचे घड्याळ थांबवणारे त्यात काही नाही.

तर तो मुलगा. डॉक्टरीणबाईंनी ताप पाहिला, १०१ च्या जरा वर होता. सदरा काढून ओल्या पंचाने अंग पुसले, घोट घोट मीठ-साखरेचे पाणी दिले. "अर्ध्या तासात बोलणे सुधारले नाही तर सरळ मेडिकलला," असे बाईंनी बजावले. वीस मिनिटांनी मी त्याला ते चार आकडे विचारले. त्याने बिनचूक सांगितले. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजू लागला. तो उठायला लागला, तेव्हा फोन मीच घेतला. पलीकडे त्यांच्या गोदामातला कुणी पोरगाच होता, आवाजावरून पंचविशीचा. उद्धट मुळीच नव्हता. मी म्हणालो, हा मुलगा पाच वाजेपर्यंत इथेच बसणार.

"काका, मग बाकीची पार्सले 'पोचवली नाहीत' अशी नोंद पडेल. कारण द्यावे लागेल."

"ऊन लागले म्हणून लिहा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "यादीतूनच निवडायचे असते काका. पत्ता सापडला नाही, ग्राहक घरी नव्हता, ग्राहकाने नाकारले, गाडी बिघडली. ऊन नाहीये त्यात."

शेवटी त्याने 'गाडी बिघडली' निवडले. पाच वाजता मुलगा निघाला. सौभाग्यवतींनी त्याला माझा जुना दुपट्टा दिला आणि बाटली भरून दिली. खाली उतरल्यावर त्याने दोन लाथा मारल्या आणि गाडी लगेच सुरू झाली.