एमएस : त्रास ओसरला म्हणजे आजार गेला असं नाही

लखनौमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, लू वाहू लागते. अशा दुपारी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्या बाईला बाजारातून येताना एकाएकी अंधुक दिसू लागतं, पाय लटपटतात. घरचे म्हणतात, ‘ऊन लागलं.’ तिला वाटतं, आजार वाढला. बहुतेक वेळा दोन्ही अंदाज चुकतात.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजलेल्या नसेतून संदेश कसाबसा पुढे जातो, आणि शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी अडतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच याची नोंद केली. एमआरआय येण्यापूर्वी निदानासाठी रुग्णाला गरम पाण्यात बसवून पाहत. गारव्यात आल्यावर हा त्रास ओसरतो, नवी इजा झालेली नसते. मात्र ताप किंवा संसर्ग नसताना नवा त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला, तर तो आजाराचा झटका समजावा आणि लगेच डॉक्टरांना गाठावं.

या आजाराबद्दल गैरसमजही बरेच आहेत. ‘हा लकवाच.’ नाही. लकव्यात हातपाय काही मिनिटांत लुळे पडतात. एमएसचा झटका काही तासांत किंवा दिवसांत वाढत जातो. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुप्पट-तिप्पट आढळतो.

‘हा परदेशातला आजार.’ तसंही नाही. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईतल्या पारशी समाजात हा आजार आढळत असल्याचं दाखवून दिलं होतं.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो हा समज : ‘झटका गेला, माणूस बरा झाला.’ स्टेरॉइडच्या सलाइननंतर नजर परतू लागते, पायांत बळ येतं आणि पुढची औषधं बंद होतात. स्टेरॉइडने झटका लवकर आवरतो, आजाराची पुढची वाटचाल बदलत नाही. बाहेरून काहीच जाणवत नसताना एमआरआयमध्ये नवे डाग दिसू शकतात. झटके कमी करणारी औषधं वेगळी असतात. ती महाग आहेत हे खरं, पण परवडत नसतील तर ती परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं, पर्याय असतात. एमएससारखाच दिसणारा एनएमओ हा आजारही आहे. एमएसची काही औषधं त्यात घातक ठरतात, म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून औषध घेऊ नये.

लग्नाच्या वेळी मुलीचा एमएस लपवला जातो, कारण तो मुलांना होईलच अशी भीती असते. आईला किंवा वडिलांना एमएस असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच. तो संसर्गानेही पसरत नाही. गरोदरपण शक्य आहे. फक्त औषधं आधीच ठरवून घ्यावी लागतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागता येतं. एक डोळा दुखून त्याची नजर मंदावली किंवा कमरेखाली बधिरता चढत गेली, तर लखनौत केजीएमयू किंवा एसजीपीजीआयच्या न्यूरोलॉजी विभागात लगेच दाखवा. आपोआप बरं वाटू लागलं तरीही दाखवा.