बागेतील वाळा

मे महिन्यात चंद्रपुरात पारा कित्येकदा ४५ अंशांच्याही वर चढतो. अशा वेळी वाळ्याच्या ओल्या पडद्यातून येणारी झुळूक किती सुखद वाटते! पडद्यातील पाणी उडून जाताना हवेतील उष्णता शोषून घेते. सुगंध मात्र वाळ्याचा.

मुलांनो, वाळा म्हणजे एका देशी गवताची मुळे. हे गवत नदीनाल्यांच्या ओलसर काठी वाढते. त्याची मुळे जमिनीत तीन मीटरांपर्यंत सरळ उतरतात व माती घट्ट धरून ठेवतात. मुळांसाठी काठ खणला, की पुराबरोबर ती माती वाहून जाते. म्हणून वाळा बागेतच लावणे बरे.

बागेतील काही वाणांना रुजणारे बी धरत नाही. त्यांचे ठोंब फोडून लावतात. साहजिकच ते आपली जागा सोडून पसरत नाहीत. दूर ऑस्ट्रेलियातही मातीची धूप रोखण्यासाठी ‘मोंटो’ नावाचा असाच वाण लावतात. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘गुलाबी’ व ‘केशरी’ हे वाण तयार केले. नावाप्रमाणेच त्यांचा गंध!

उथळ कुंडीत मात्र वाळा लावू नये. एवढ्या लांब मुळांनी जावे कोठे? सुमारे दीड वर्षाने मुळे काढावीत आणि उरलेले ठोंब पावसाळ्याच्या आरंभी पुन्हा लावावेत.