गाठीचा तुकडा जपून ठेवा

दोन बियाणी दिसायला सारखी असतात, पण वाण वेगळं निघतं. मेंदूतल्या ग्लायोमा नावाच्या गाठींचंही तसंच आहे. म्हणून ऑपरेशननंतर गाठीच्या तुकड्यातली जनुकंही तपासतात. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं गाठीचं नाव ठरवताना ही तपासणी महत्त्वाची मानली आहे.

आयडीएच या जनुकात बदल असला, तर गाठ सहसा हळू वाढते. दुसरं जनुक एमजीएमटी. औषध गाठीच्या पेशींची मोडतोड करतं, हे जनुक ती दुरुस्त करून पेशींना वाचवतं. ते बंद असलं, तर टेमोझोलोमाइडच्या गोळ्या जास्त लागू पडतात. हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवलं.

हा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. उपचारासाठी मोठ्या दवाखान्यात जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागून घ्या. तुकड्यासाठी पुन्हा डोकं उघडणं सोपं नाही, बायांनो! आणि डॉक्टरांना न लाजता विचारा, “आयडीएच, एमजीएमटी तपासलं का? त्यावरून आमच्या पेशंटचा उपचार कसा ठरणार?”