फायरवॉलच्या व्यवस्थापन-पृष्ठातील प्रमाणीकरण-त्रुटी : कर्जत-खालापूरमधील महाविद्यालयांच्या संदर्भात
महाविद्यालयाच्या संगणकजाळ्याचे रक्षण करणाऱ्या फायरवॉललाही स्वतःचे एक प्रवेशद्वार असते; ते म्हणजे तिचे व्यवस्थापन-पृष्ठ. ऑक्टोबर २०२२ मध्ये उघड झालेल्या, फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टीओएस प्रणालीतील त्रुटीमुळे बाहेरून आलेली विनंती उपकरणाच्या आतूनच आल्याचे हेडरमध्ये भासविता येई आणि पासवर्डविनाच प्रशासकाचे अधिकार मिळत. या त्रुटीचा लाभ घेऊन चोरलेली सुमारे १५,००० उपकरणांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये प्रसृत झाली. यावरून असे स्पष्ट होते की, केवळ सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याने आधीच चोरीस गेलेले पासवर्ड निरुपयोगी ठरत नाहीत. म्हणून कर्जत व खालापूर तालुक्यांतील महाविद्यालयांनी व्यवस्थापन-पृष्ठ निवडक अंतर्गत संगणकांपुरतेच खुले ठेवावे, प्रशासक-खाती तपासावीत आणि दुरुस्तीनंतर सर्व पासवर्ड बदलावेत.