कार्यक्रमाचं काम कोणाला द्यायचं?

मंडळी, हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा दसरा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. रावणदहनाला तोबा गर्दी, आणि दिवस परतीच्या पावसाचे. आपली काळी माती भिजली की मऊ पडते, मंडपाचे खुंटे सैल होतात. म्हणून इव्हेंटवाला निवडताना त्याचा अल्बम नंतर बघा. आधी विचारा, पाऊस आला तर खांब कशाच्या आधारानं उभे राहतील? जागा न बघताच जो भाव सांगतो, त्याला तिथूनच नमस्कार करा.

आमच्याकडं एका कार्यक्रमात ऐन गर्दीत लाईट गेली. जनरेटर होता हो! पण डिझेल नाही, आणि चालवणारा जेवायला गेलेला. बायाबापड्या, लेकरं अंधारात, अन् निघायची वाट एकच. तेव्हापासून मी करारातच लिहून घेतो: त्या रात्री हजर राहणाऱ्या जबाबदार माणसाचं नाव, आणि बाहेर पडायच्या वाटा किती. मंडपवाला, साउंडवाला वेगळे असू द्या. जाब देणारा एकच हवा.

लाउडस्पीकरची परवानगी कोण काढणार, तेही ठरवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे खुल्या जागेत तो एरवी रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा लागतो. बयाणा द्यायचा तो एवढं झाल्यावर.