शरीरदुर्गाचे पहारेकरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या नातवाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. दोन दिवसांत टाच लाल झाली, सुजली, ठणकू लागली आणि तिसऱ्या दिवशी तीत पू धरला. घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, "घाण बाहेर पडते आहे, बरेच झाले." घाण हा शब्द मात्र आम्हांस रुचला नाही. त्या पिवळ्या थेंबात लढून पडलेल्या लक्षावधी शिपायांची प्रेते असतात. हात स्वच्छ धुऊन तो पुसावा हे खरे, पण त्याची हेटाळणी करू नये.

अशाच एका काट्याने या शास्त्रास मोठी चालना मिळाली, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. इ. स. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे मेचनिकॉफ नावाचे रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होते. तारामाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. अशा एका पिलाच्या अंगात त्यांनी बागेतील काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! शरीरात शिरलेल्या परक्यास गिळून टाकणाऱ्या या भक्षकपेशींच्या शोधाबद्दल त्यांस १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ज्या हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली, ते याच मेचनिकॉफांचे शिष्य होत.

आपल्या एक घनमिलिमीटर रक्तात सामान्यतः चार ते अकरा हजार श्वेतपेशी असतात. त्यांत बहुसंख्य असतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या भक्षकपेशी. हाडांच्या मगजात त्या दररोज सुमारे दहा हजार कोटी जन्मास येतात आणि त्यांचे आयुष्य काही तासांचे, फार तर थोड्या दिवसांचे. काट्याबरोबर जंतू आत शिरले की तेथील मांसात ठाण मांडून बसलेल्या मोठ्या भक्षकपेशी रासायनिक हाकाटी करतात. त्यासरशी जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. लाली, उष्णता व सूज ही त्याचीच चिन्हे. मग न्यूट्रोफिल वाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात, जंतूस गिळतात आणि पोटात कोंडून मारतात. विहिरीत आपण ब्लीचिंग पावडर टाकतो, तिच्यापासून पाण्यात जे जंतुघ्न अम्ल निर्माण होते तेच अम्ल ही इवलीशी पेशी आपल्या उदरात तयार करते.

परंतु सर्वच जंतू असे सहज हाती लागत नाहीत. न्यूमोकॉकस नावाचा जंतू फुप्फुसदाह, मेंदूच्या आवरणाचा दाह यांसारखी दुखणी आणतो. त्याच्या अंगावर शर्करामय, तुळतुळीत कवच असते. त्यावर भक्षकपेशीची पकड बसत नाही. यास्तव रक्तातील विशिष्ट प्रथिने प्रथम त्या कवचास चिकटतात आणि मगच भक्षकपेशी त्यास गिळू शकते. १९०३ साली राइट यांनी अशा द्रव्यांस 'ऑप्सोनिन' हे नाव दिले. ज्या ग्रीक शब्दावरून ते घेतले त्याचा अर्थ तोंडीलावणे! नावडता घास चटणीबरोबर मुकाट्याने खाली उतरतो, हे ज्या घरात मुले आहेत तेथे निराळे सांगावयास नको.

असे शिक्का बसलेले जंतू रक्तातून वेचण्याचे मोठे ठाणे म्हणजे डाव्या बरगड्यांखालची प्लीहा, अर्थात पाणथरी. चरकाचार्यांनी यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मुळे मानली आहेत. आधुनिक शास्त्र सांगते की प्लीहेच्या अरुंद जाळीतून रक्त गाळले जाते व तेथील भक्षकपेशी जंतू टिपून घेतात. कवचधारी जंतूंविरुद्धची प्रथिनेही तेथे तत्परतेने सिद्ध होतात.

हे ठाणेच निकामी झाले तर? हा प्रश्न आमच्या नंदुरबार जिल्ह्यात पुस्तकी नाही. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो. काही समाजांत पाचांतील एकजण त्याचा वाहक असतो. वाहकास हिवतापाच्या घातक प्रकारापासून पुष्कळ संरक्षण मिळते, म्हणूनच हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मात्र आई व बाप दोघांकडून तो आला तर अपत्याच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, प्लीहेच्या अरुंद वाटा तुंबतात आणि ती हळूहळू निकामी होते. आपल्याकडे अशा मुलांची पाणथरी कधी मोठीही लागते. पण मोठी म्हणजे समर्थ नव्हे. मग न्यूमोकॉकस रक्तात शिरला तर काही तासांत प्राणावर बेतते.

येथे आम्हांस आमचाच एक अपराध सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी आम्ही मास्तर असताना चौथीतील एका मुलास दुपारी ताप भरला. आम्ही त्यास काढा देऊन निजविले व सकाळी पाहू म्हटले. सकाळी तो शुद्धीवर नव्हता. दवाखान्यात पोचण्यापूर्वीच गेला. त्यास सिकलसेल होता, हे त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणी झाली तेव्हा, नंतर उमगले. तो 'सकाळी पाहू' हा शब्द अद्याप आमच्या कानांतून गेलेला नाही.

आज उपाय हाताशी आहेत. अशा बालकांस पाच वर्षांचे होईपर्यंत रोज पेनिसिलिन देतात; रोजच्या पेनिसिलिनने लहान बालकांत या जंतूची गंभीर दुखणी ८४ टक्क्यांनी घटतात, असे १९८६ साली अमेरिकेतील प्रयोगात दिसले. न्यूमोकॉकसची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०२१ पासून देशभर मिळू लागली. दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत ती द्यावयाची असते. १ जुलै १९९८ रोजी आमचा जिल्हा जन्मास आला. बरोबर पंचवीस वर्षांनी, १ जुलै २०२३ रोजी, राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात रक्ताची तपासणी होते.

नातवाची टाच आठवड्यात बरी झाली. त्याच्या पहारेकऱ्यांनी आपले काम चोख बजावले. पण आपल्या शाळेत, वसतिगृहात, घरी कामास येणाऱ्या बाईच्या कुटुंबात सिकलसेलचे मूल असेल आणि त्याचा ताप १०१ अंशांवर गेला, तर काढा बाजूस ठेवा आणि त्याच घटकेस दवाखान्याची वाट धरा. सकाळी पाहू म्हणू नका.